सायरन वाजेल, पण धावेल कोण?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सेवानिवृत्त, वय ६६. पौडच्या पुढे, मुळशीच्या बाजूला आमचा छोटा बंगला आहे. मागच्या अंगणात ३० बाय १५ फुटांचा स्विमिंग पूल. मुलगी दिवाळीला सिंगापूरहून येतेय. नात ५ वर्षांची, नातू पावणेदोन वर्षांचा, नुकताच धावायला लागलाय. सीसीटीव्ही बसवून देणारा मुलगा म्हणतो, पुलाभोवती चार खांब रोवून लेझर बीमचा अलार्म लावू. किरण तुटला की सायरन वाजेल. कुंपण घातलं तर समोरचा डोंगर झाकला जाईल, असं घरच्यांचं म्हणणं आहे, आणि मलाही तसंच वाटतं. अलार्म पुरेसा होईल का? घेताना काय बघावं? महिन्यातून दोनतीन वेळा आम्ही बंगला शनिवार-रविवार भाड्याने देतो. एरवी देखभालीला एक जोडपं मागच्या खोलीत राहतं, त्यांना दोन लहान मुलं आहेत.

— एक आजोबा, पुणे

उत्तर

काका, नमस्कार.

आधी थेट उत्तर देते. अलार्म जरूर बसवा, पण कुंपणाऐवजी नको, कुंपणाच्या आत बसवा. दिवाळीपर्यंत दोन्ही कामं होणार नसतील, तर आधी कुंपण उभं करा आणि अलार्मचं नंतर बघा. हे वाचून घरात नाराजी होईल याची मला कल्पना आहे. म्हणूनच कारणं नीट सांगते.

लहान मूल बुडतं तेव्हा आरडाओरडा होत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की ओरडायला श्वासच उरत नाही. इतक्या लहान वयात हातपाय मारल्याचा आवाजसुद्धा बऱ्याचदा होत नाही. शेजारच्या खोलीत माणसं बोलत बसलेली असतात आणि कुणाला काही कळत नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि फ्लोरिडा या राज्यांत पुलात बुडालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचा अभ्यास केला होता. त्यातली ७७ टक्के मुलं जेमतेम पाच मिनिटं किंवा त्याहून कमी वेळ नजरेआड होती. आणि ६९ टक्के मुलं त्या वेळी पुलाकडे गेली असतील, असं घरात कुणाच्या मनातही नव्हतं. पोहण्याचा कार्यक्रम चालू नव्हता. मूल घरात किंवा अंगणात खेळतंय असंच सगळे धरून चालले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडण्याचा क्रमांक चौथा आहे. तुमचा नातू नेमका या वयाचा आहे.

आता अलार्मचं गणित करून बघू. तो मुलगा खांब कुठे रोवणार आहे? बहुतेक पुलाच्या कडेपासून तीनएक फुटांवर, कारण फरशी तिथेच संपते. पावणेदोन वर्षांचं मूल धावताना सेकंदाला मीटरभर अंतर सहज तोडतं. म्हणजे सायरन वाजायला लागतो त्याच क्षणी मूल पाण्यात पडलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या माणसाला आवाज ऐकू येणार, कशाचा आहे ते उमगणार, तो हातातलं खाली ठेवणार, दार उघडणार, धावणार. हे सगळं वीस-तीस सेकंदांत झालं तर मूल वाचतं. मेंदूला कायमची इजा व्हायला काही मिनिटं लागतात. तेव्हा अलार्म निरुपयोगी आहे असं मी मुळीच म्हणत नाही. त्या वीस सेकंदांत तो जीव वाचवू शकतो. पण तो मुलाला अडवत नाही, तुम्हाला हाक मारतो. आणि हाक ऐकायला कुणीतरी जागं, जवळ आणि धावू शकेल असं असावं लागतं.

म्हणूनच तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याशी मी थांबले. तुमची नातवंडं पंधरा दिवस राहतील आणि परत जातील. देखभालीच्या जोडप्याची दोन मुलं मात्र त्या पाण्यापासून काही पावलांवर वर्षभर राहतात. त्यांची आई विहिरीवर किंवा बाजारात गेलेली असेल, बाप बागेत मशीनने गवत कापत असेल, तेव्हा सायरन कोण ऐकणार? कुंपणाला कुणी ऐकावं लागत नाही. वीज गेली, पाऊस पडला, मोबाइलची रेंज गेली, माणसं झोपली, तरी ते आपलं काम करत उभं असतं. तुम्ही प्रश्न नातवंडांसाठी विचारलात. उत्तर त्या दोघांसाठीही आहे, असं धरून वाचा.

जगात याबाबत दोन मतं आहेत हेही सांगायला हवं. फ्रान्सने २००३ साली खासगी पुलांसाठी कायदा केला आणि कुंपण, सुरक्षा आच्छादन, वरचं बंदिस्त छत किंवा अलार्म, या चारांपैकी एक काहीही चालेल असं ठरवलं. म्हणजे तिथे प्रमाणित अलार्म एकटाही कायद्याला पुरतो. ऑस्ट्रेलियाने असा पर्याय ठेवला नाही. तिथे कुंपण लागतंच. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पुलाच्या चारही बाजूंनी कुंपण हवंच, असं सांगते आणि अलार्मला फक्त जोडीला ठेवते. मी ऑस्ट्रेलियाच्या बाजूची आहे. फ्रान्सचा अलार्म निदान ठरलेल्या मानकाला उतरावा लागतो. आपल्याकडे सीसीटीव्हीवाल्याने जुळवून दिलेला संच कोण तपासणार?

‘आमच्या बंगल्याला कंपाउंड आहेच की,’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. कंपाउंड बाहेरच्यांसाठी असतं. तुमचा नातू आतच आहे आणि मागचं दार उघडलं की थेट पूल आहे. फक्त पुलाभोवती, चारही बाजूंनी फिरणारं कुंपण हे सबंध जागेच्या कुंपणापेक्षा जास्त जीव वाचवतं, असा निष्कर्ष १९९८ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन काढला गेला आहे. तेव्हा घराची भिंत ही चौथी बाजू धरू नका.

मापं लिहून घ्या. उंची निदान १.२ मीटर. उभ्या गजांमधली फट आणि खालची फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी. आडवे गज नकोत, ती मुलांसाठी शिडी होते. फाटक पुलाच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर उघडणारं, सोडलं की स्प्रिंगच्या बिजागरीने आपोआप मिटणारं आणि आपोआप कडी पडणारं. कडी दीड मीटर उंचीवर, त्यासाठी फाटकाचा खांब कुंपणाहून उंच ठेवा. कुंपणाच्या बाहेरून ९० सेंटिमीटरच्या आत खुर्ची, कुंडी, पंपाची पेटी असं काहीही ठेवायचं नाही. पाच वर्षांची नात खुर्ची ओढत आणू शकते आणि ताई करते ते धाकटा बघत असतो.

डोंगराचं काय? १२ मिलिमीटरच्या टफन्ड काचेचं कुंपण करता येतं. खर्च जास्त, पण समोरचं सगळं दिसतं. स्वस्तात हवं असेल तर ॲल्युमिनियमच्या खांबांवर ताणलेली काळी जाळी मिळते. दहा-पंधरा फुटांवरून नजर तिच्या आरपार जाते. या जाळीचे खांब फरशीत बसवलेल्या नळ्यांतून उपसून काढता येतात. विक्रेता हा तिचा गुण म्हणून सांगेल. भाड्याच्या बंगल्यासाठी मला तो दोष वाटतो, कारण काढता येतं ते पार्टीच्या दिवशी काढलं जातं. तुम्ही पक्कं कुंपण करा.

आणखी एक गोष्ट. कुंपणामुळे अलार्मही सुधारतो. मोकळ्या अंगणात किरण लावलेत तर कुत्रं, मांजर, वाऱ्याने उडालेला टॉवेल, देखभालीवाल्यांच्या कोंबड्या, सगळे तो तोडणार. दिवसात पाच वेळा फुकट बोंबललेला सायरन सहाव्या वेळी कुणी ऐकत नाही. आठवड्याभरात कुणीतरी त्याची वायर काढून ठेवतं. कुंपणाच्या आत मात्र सहसा कुणी जात नाही. तिथे किरण तुटला म्हणजे फाटक उघडं राहिलंय किंवा मूल चढून गेलंय. अशा सायरनला लोक धावतात.

आता त्या मुलाला काय विचारायचं ते सांगते. पहिला प्रश्न : तुझा ‘लेझर’ म्हणजे नेमकं काय? बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. एक, कारखान्यांच्या कुंपणावर लावतात तसा इन्फ्रारेड बीम. एका खांबात पाठवणारा, समोरच्या खांबात घेणारा, आणि किरण डोळ्यांना न दिसणारा. दुसरा खरोखरचा लेझर, बारीक लाल रेघेचा. दुसऱ्या प्रकारात काही जण एकच लेझर घेऊन कोपऱ्यांवर आरसे लावून तो पुलाभोवती फिरवतात. हे स्वस्त पडतं, पण करू देऊ नका. एक आरसा धुळीने मळला किंवा खांब केसभर हलला की सगळी फेरी बंद. प्रत्येक बाजूला पाठवणारा-घेणारा अशी स्वतंत्र जोडी हवी. लेझरच असेल तर त्यावर ‘क्लास १’, म्हणजे डोळ्यांना सुरक्षित, हे लेबल पाहिजे. सुट्या भागांच्या दुकानात मिळणारी लाल पॉइंटरची मॉड्यूल नकोत. तुमचा नातू वाकला की हा किरण त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येणार आहे आणि चमकणाऱ्या ठिपक्यात वाकून बघणं हा त्याच्या वयाचा धर्मच आहे. शिवाय घेणाऱ्याला दुपारचं ऊन आणि आपला किरण यांतला फरक कळायला हवा. त्यासाठी किरण ठरावीक गतीने लुकलुकणारा असतो. नुसत्या प्रकाशाला जागणारा साधा सेन्सर जोडला असेल, तर ऊन पडल्यावर तो किरण तुटल्याचं ओळखणारच नाही.

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. चांगल्या कंपनीच्या संचात एकावर एक दोन किरण असतात आणि दोन्ही एकदम तुटले तरच सायरन वाजतो. चोर पकडायला हे उत्तम, कारण पक्षी एकच किरण तोडतो. रांगणाऱ्या मुलाची पाठ मात्र जमिनीपासून फूटभर, फार तर सव्वा फूट उंच असते. ते खालचा किरण तोडेल, वरच्याखालून निघून जाईल आणि सायरन गप्प राहील. तेव्हा दोन सुट्या किरणांच्या जोड्या लावायला सांगा : एक जमिनीपासून २५ सेंटिमीटरवर, दुसरी ५० ते ६० वर, आणि दोन्हींपैकी कुठलीही एक तुटली तरी सायरन वाजला पाहिजे.

तिसरा : किरण किती वेळ तुटल्यावर तो दखल घेतो? हा वेळ बहुतेक संचांत बदलता येतो, साधारण ५० मिलिसेकंदांपासून अर्ध्या सेकंदापुढेपर्यंत. पानं आणि पाखरं टाळायला बसवणारे तो वाढवून ठेवतात. धावणाऱ्या लहान मुलाचं अंग किरणातून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात पार होतं. म्हणून तो सगळ्यात कमीवर ठेवून घ्या. फुकटचे सायरन कमी करायचं काम कुंपणावर सोडा.

मुळशीचा पाऊस तुम्हाला मी काय सांगावा. खांबावरची उपकरणं आयपी ६५ (धूळ आणि पाणी आत न शिरू देणाऱ्या) किंवा त्याहून वरच्या दर्जाची हवीत. वायर जिथे आत शिरते ते भोक नीट बुजवलेलं हवं, नाहीतर मुंग्या आणि पाली आत घर करतात. पल्ला गरजेपेक्षा भरपूर जास्त घ्या. तुमची लांब बाजू नऊ मीटरची असली तरी ३०-४० मीटर पल्ल्याचा संच घ्या, म्हणजे धुक्यात आणि मुसळधार पावसात हाताशी काही उरेल. दाट धुक्यात काही चांगले संच स्वतःला तात्पुरते बंद करून घेतात आणि ‘मी आता बघत नाहीये’ असा वेगळा संकेत देतात. तो संकेत घरातल्या एखाद्या दिव्याला किंवा बझरला जोडलेला असायलाच हवा. बसवणारे ही वायर मोकळी सोडतात. मग पहारा बंद असतो आणि घर निर्धास्त. घेणाऱ्या खांबाचं तोंड सकाळच्या किंवा संध्याकाळच्या उन्हाकडे नको. गवत वाढू द्यायचं नाही, आणि दर आठवड्याला काचेवरची कोळ्याची जाळी पुसायची.

वीज तुमच्याकडे जातेच. सगळं १२ व्होल्टवर चालवा आणि बॅटरी ठेवा. ७ ॲम्पिअर-तासाची छोटी बॅटरी चार जोड्यांना साधारण दिवसभर पुरू शकते, तुमच्या आठ जोड्यांना त्याच्या निम्मा वेळ. खरा आकडा त्या मुलाकडून हिशेब करून घ्या. वायरिंग असं हवं की वायर तुटली किंवा बॅटरी संपत आली तर सायरन वाजेल. गप्प बसता कामा नये. पुलाच्या दिव्यांच्या आणि पंपाच्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, तेही त्याच फेरीत तपासून घ्या.

सायरन पुलाजवळ लावून उपयोग नाही. एक स्वयंपाकघरात, एक वरच्या मजल्यावर, एक देखभालीवाल्यांच्या खोलीत. अमेरिकेत तीन मीटरवर ८५ डेसिबल हे माप धरतात, तेवढा आवाज मिक्सर चालू असतानाही ऐकू येतो. मोबाइलवर येणाऱ्या सूचनेवर एक क्षणही विसंबू नका.

आणि बंद करायचं बटण. माणसं पोहायला उतरणार तेव्हा अलार्म बंद करावा लागणार, आणि बाहेर आल्यावर तो सुरू करायचं विसरणार. ओले टॉवेल, भूक, गरम भजी, आणि पाण्यात तरंगत राहिलेला लाल चेंडू, जो नातवाला खिडकीतून दिसतोय. सगळ्यात धोक्याची वेळ हीच. म्हणून ठरावीक वेळाने आपोआप पुन्हा सुरू होणारा संच घ्या. बटण किल्लीचं किंवा आकड्यांचं, मुलाच्या हाताला न लागेल इतकं उंच. आणि शेवटचा माणूस बाहेर आला की खेळणी, फुगे, ट्यूब सगळं कुंपणाबाहेर उचलून ठेवायचं.

काम झालं की पैसे देण्याआधी तपासणी करा. घरातला तक्क्या दोरीला बांधा आणि जमिनीवरून सरपटत ओढा. चारही बाजूंनी, कोपऱ्यांतूनसुद्धा, कारण दोन किरणांच्या मधली फट कोपऱ्यातच राहते. मग तोच तक्क्या उचलून वेगाने धावत न्या. हे भर दुपारी करा, अंधार पडल्यावर करा, आणि बागेच्या पाइपने पाणी उडवत करा. एकदा मेन स्विच बंद करून करा. एकाही वेळी सायरन गप्प राहिला तर काम अपुरं आहे, असं त्या मुलाला स्पष्ट सांगा. तो चांगला कारागीर असेल तर त्याला राग येणार नाही.

पुलावर निळा बुडबुड्यांचा प्लास्टिकचा कागद पसरत असाल तर तो मुलं असताना गुंडाळून ठेवा. तो पाणी गरम ठेवण्यासाठी असतो. मूल त्यावर पाय टाकतं, खाली जातं, कागद वरून मिटतो आणि काठावरून काहीच दिसत नाही. दंडाला बांधायच्या हवेच्या फुग्यांवरही भिस्त ठेवू नका.

बंगला भाड्याने देता तेव्हा फाटकाची कडी तोडलेली, विटेने अडकवून उघडी ठेवलेली, असं सगळं होणार. पाहुणे आल्यावर देखभालीच्या माणसाने त्यांना फाटक आणि अलार्म हाताने चालवून दाखवावेत, आणि संध्याकाळी एक फेरी मारून फाटक मिटतंय का ते बघावं. हे काम त्याच्या पगारात वेगळं धरा. जवळपास शेततळं किंवा उघडी टाकी असेल तर तिथेही कुंपण आणि झाकण लागेल. शेततळ्याच्या निसरड्या प्लास्टिकवरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही.

दिवाळीत घर भरलेलं असेल. दहा माणसं काठावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून मुलं पाण्यात असताना एकाच मोठ्या माणसाचं नाव घेऊन सांगा : आता अर्धा तास तू. त्याच्या हातात फोन नको, ग्लास नको. अर्ध्या तासाने दुसरा. नातू पाण्यात असेल तर कुणीतरी हाताच्या अंतरावर पाण्यातच हवं.

राहिलं ते प्रथमोपचाराचं, आणि हे मुलगी येण्याआधी करा. तुम्ही, काकू आणि ते जोडपं, चौघांनीही लहान मुलांचं सीपीआर एखाद्या प्रशिक्षकाकडून पुतळ्यावर प्रत्यक्ष करून शिका. बुडालेल्या मुलाला आधी श्वास लागतो. नुसती छाती दाबून भागत नाही, तोंडाने श्वासही द्यायचा असतो. आपल्याकडे अजूनही मुलाला उलटं धरून गरगर फिरवतात, पोट दाबून पाणी काढायला बघतात, कुणी तर मिठात निजवायला सांगतं. यात फक्त हातची मिनिटं जातात, आणि पोट दाबल्याने उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. मूल श्वास घेत नसेल तर बाहेर काढताक्षणी तिथेच काठावर श्वास आणि दाब सुरू करायचे, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. बंगल्याचा पूर्ण पत्ता, गट नंबर आणि रस्त्यावरून वळायची खूण मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात आणि देखभालीवाल्यांच्या खोलीत भिंतीवर लावून ठेवा. अशा वेळी स्वतःच्या घराचा पत्तासुद्धा तोंडातून फुटत नाही, आणि फोन लावणारी ती बहुधा देखभालीवाली बाईच असेल.